पेटीतले माइट कसे मोजायचे: ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरगुती मधपाळांसाठी

माइट म्हणजे मधमाश्यांवर जगणारा, कोळ्यांच्या कुळातला बारीक जीव. तो मोजण्याचे जे व्हिडिओ मोबाईलवर दिसतात ते बहुतेक अमेरिकेतले किंवा युरोपातले, म्हणजे मेलीफेरा या युरोपीय पाळीव माशीचे. बरणीत तीनशे माश्या घ्या, पिठीसाखर टाका, हलवा, मोजा, शंभराला तीन निघाले तर औषध करा. कोलशेतच्या बंगल्यामागे, येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या रो-हाउसच्या परसात जी पेटी असते तिच्यात मात्र बहुधा सातेरी ही आपली देशी माशी असते. सातेरीच्या पेटीत माइट वेगळ्या ठिकाणी दडतो आणि तिथला आकडाही वेगळ्या तऱ्हेने वाचावा लागतो. म्हणून मोजणीची पहिली पायरी बरणीपाशी नाही, पेटीच्या दारापाशी आहे.

आधी माशी ओळखा

सातेरी मेलीफेरापेक्षा लहान, पोटावरचे पट्टे ठळक, आणि चौकट (पोळं धरणारी लाकडी फ्रेम) उचलली की पोळ्यावर सैरावैरा पळणारी. मेलीफेरा मोठी, पिवळसर, आणि चौकटीवर बऱ्यापैकी शांत बसते. दोघी शेजारीशेजारी नसतील तर आकारावरून नवख्याला खात्री होत नाही. अशा वेळी उन्हाच्या वेळी दारात पंख हलवून हवा खेळवणाऱ्या माश्या बघा. सातेरी बाहेर तोंड करून उभी राहते, मेलीफेरा पेटीकडे तोंड करून. शिवाय सातेरीच्या नरांच्या बंद घरांच्या झाकणावर मधोमध बारीक भोक असतं. ही खूण चुकत नाही.

तिसरी माशी तुमच्या पेटीत नसते, पण तिचा संबंध येतो. घोडबंदर रोडवरच्या टॉवरच्या छज्ज्याखाली, नवी मुंबईतल्या पाण्याच्या टाक्यांखाली जी भलीमोठी एकपदरी पोळी लटकतात ती आग्या माशीची. आग्यावर मुळात राहणारा एक माइट मेलीफेराच्या पेटीत शिरतो आणि धुमाकूळ घालतो. मेलीफेरा पाळत असाल आणि जवळपास आग्यामोहोळ असेल, तर तुम्हाला एकाऐवजी दोन जातींवर नजर ठेवायची आहे.

शोधायचं काय

पहिला वरोआ. मादी तपकिरी-लालसर, चकचकीत, आडवी अंडाकृती. रुंदी साधारण १.६ मिलिमीटर, लांबी १.१, म्हणजे लांबीपेक्षा रुंदी जास्त. एकदा हे डोक्यात बसलं की पराग, मेणाचा कण आणि वरोआ यांत गफलत होत नाही. तो माशीच्या पोटाच्या खालच्या बाजूला, दोन पट्ट्यांच्या फटीत चिकटून बसतो, त्यामुळे चौकटीवर नुसतं बघून "माझ्या पेटीत माइट नाहीत" असं म्हणण्यात अर्थ नाही. १९०४ साली जावा बेटावर सातेरीच्याच जातीच्या माशीवर पहिला वरोआ नोंदला गेला. जगभर मेलीफेराचा फडशा पाडणारा वरोआ ही वेगळी जात आहे हे ठरून तिला वरोआ डिस्ट्रक्टर हे नाव मिळायला २००० साल उजाडलं. हा माइट माशीच्या अंगातला मेदासारखा ऊतक खातो आणि पंख वेडेवाकडे करणारा विषाणू एका माशीकडून दुसरीकडे नेतो.

दुसरा ट्रोपिलेलॅप्स, आग्याकडून आलेला. हा वरोआपेक्षा बारीक, जेमतेम एक मिलिमीटर लांब, अंगाने उभट, आणि पोळ्यावर सुसाट पळणारा. याला मोठ्या माशीवर नीट पोट भरता येत नाही. पिलाव्याबाहेर (पिलावा म्हणजे पोळ्यातली अंडी, अळ्या आणि कोष) तो एखाददोन दिवसच काढतो. त्यामुळे माश्या बरणीत घालून केलेल्या मोजणीत तो फारसा सापडत नाही, आणि पेटी साफ आहे असं खोटं समाधान मिळतं.

पेटी उघडली की शेजारच्या काकू हमखास विचारतात, "माश्यांना उवा झाल्यात का?" तसं समजायला हरकत नाही. फरक एवढाच की ही ऊ पोराच्या डोक्यात नाही, पाळण्यातच जन्माला येते. पिलाव्याचं घर मेणाने बंद होण्याच्या जरा आधी मादी आत शिरते आणि बंद झाकणाखाली अंडी घालते. मेलीफेराची कामकरी २१ दिवसांत बाहेर पडते, नर २४ दिवसांत. नराचं घर जास्त दिवस बंद राहतं, म्हणून वरोआला नराचा पिलावा जास्त मानवतो. सातेरीत तर त्याची पैदास प्रामुख्याने नरांच्याच घरात होते. कामकरीच्या घरात शिरलेला माइट सातेरी हुडकून साफ करते, अंगावरचा पायांनी आणि जबड्याने काढून टाकते. माइटने पोखरलेला नर अशक्त झाला तर त्याला ते जाड झाकण फोडता येत नाही, आणि माश्या ते घर तसंच बंद ठेवतात. नर आणि माइट दोघेही आतच संपतात. या सवयींमुळेच सातेरी वरोआबरोबर युगानुयुगं नांदत आली आहे.

सामान

फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, बारीक चिमटा, पांढरा सनबोर्ड (झेरॉक्स-स्टेशनरीच्या दुकानात मिळतो), व्हॅसलीन, हार्डवेअरमधून आणलेली अडीच-तीन मिलिमीटर भोकांची तारेची जाळी, रुंद तोंडाची प्लास्टिकची पारदर्शक बरणी, अर्ध्या कपाचं माप, पांढरा उथळ ट्रे, पाण्याची फवारणीची बाटली. धुरांड्यात नारळाच्या शेंड्या आणि जुनं गोणपाट. मोबाईलला मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम, कारण शंका आली की फोटो काढून जाणत्या मधपाळाला दाखवता येतो.

पाटी: दोन्ही माश्यांसाठी, आणि पावसाळ्यात एकमेव

मेलेले आणि सुटलेले माइट खाली पडतात. पेटीच्या तळाशी चिकट पाटी ठेवून ते गोळा करायचे आणि मोजायचे. यात पेटी उघडावी लागत नाही, आणि सातेरीसाठी हे फार मोलाचं आहे. ही माशी उगाच छेडछाड सहन करत नाही. वारंवार उघडझाक केली, त्यात मुंग्यांनी सतावलं, की एक दिवस सगळी वसाहत पेटी सोडून उडून जाते.

तळपाटाच्या, म्हणजे पेटीच्या तळफळीच्या, आतल्या मापापेक्षा किंचित लहान असा सनबोर्ड कापा. त्यावर पेन्सिलीने दोन-दोन इंचांचे चौकोन आखा. मोजताना नजर भरकटत नाही. व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, लोणी लावल्यासारखा थर नको. त्यावर जाळी बसवा, पण जाळी आणि बोर्ड यांच्यात पाच-सहा मिलिमीटरची पोकळी राहू द्या. कडेला लाकडी पट्ट्या चिकटवल्या की ती आपोआप मिळते. जाळी नसेल तर माश्या व्हॅसलीनमध्ये अडकतील आणि पडलेले माइट उचलून बाहेरही टाकतील. सातेरीच्या छोट्या पेटीचं दार अरुंद असतं, त्यातून हे सरकत नाही. दोघांनी मिळून पिलावा-कोठी, म्हणजे पिलाव्याच्या चौकटींचा खालचा कप्पा, हळूच उचलावी आणि पाटी तळपाटावर ठेवावी. संध्याकाळी, माश्या परतल्यावर हे काम करा.

तीन दिवस ठेवा, काढा, भिंगाखाली मोजा, दिवसांनी भागा. तीन दिवसांत १२ सापडले तर रोजचे ४. पाटी आठवडाभर ठेवली तर त्यावर मेणाचा चुरा आणि पराग इतका साठतो की माइट शोधणं म्हणजे डोळेफोड.

आता मुंग्या. आपल्याकडे पाटीची मोजणी बिघडवतात त्या याच. रात्रीत पाटीवरचे माइट उचलून नेतात आणि सकाळी पाटी स्वच्छ दिसते. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यातच, आणि त्या पाण्यावर तेलाचा थर हवा. नुसतं पाणी ठेवलंत तर त्यात डासांच्या अळ्या होतील, आणि डेंग्यूच्या हंगामात महापालिकेचे लोक तपासायला आले की पेटीपेक्षा वाट्यांवरून बोलणी बसतील. स्टँडला टेकलेली कुंडीतली फांदी म्हणजे मुंग्यांचा पूल. ती छाटा.

सातेरीच्या पाटीवर पडलेले माइट नुसते मोजू नका, न्याहाळा. भिंगाखाली काहींचे पाय तुटलेले दिसतील, काहींच्या पाठीच्या कवचावर खळगा पडलेला. हे माश्यांनी चावून काढलेले माइट. त्यांचं प्रमाण चांगलं असेल तर वसाहत स्वतःची काळजी घेते आहे. अशा पेटीत पाटीवर चार माइट जास्त दिसले म्हणून घाबरून औषधाकडे धावणं हा मला निव्वळ आततायीपणा वाटतो.

पाटीचा "इतके म्हणजे धोका" असा एकच आकडा मी देत नाही, कारण तो वसाहतीच्या आकारावर अवलंबून असतो. पाच चौकटींच्या पेटीत रोज ४ आणि दहा चौकटींच्या पेटीत रोज ४ यांचा अर्थ एक नाही. पाहायचं ते हे की त्याच पेटीत मागच्या महिन्यापेक्षा आकडा चढतोय का.

नरांची घरं उघडून पाहणं: सातेरीसाठी खरी तपासणी

पावसाळा संपून वसाहत सावरली, पराग भरपूर येऊ लागला, की चौकटीच्या खालच्या कडेला नरांची मोठी, फुगीर झाकणांची घरं दिसू लागतात. तपासणीसाठी याहून चांगली जागा नाही. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, ऊन असताना आणि वारा नसताना पेटी उघडा. धूर बेताचा.

चौकट उचलून आधी राणी त्यावर नाही ना ते बघा. मग अशी जागा निवडा जिथे नरांची घरं नुकतीच बंद झालेली नाहीत. पार कोवळ्या कोषात (अळीनंतरची, माशी घडत असतानाची अवस्था) माइटचं कुटुंब अजून वाढलेलं नसतं, आणि ते काढताना फुटतात. कोषाचे डोळे गुलाबी ते जांभळे झालेले असतात ती वेळ बरोबर. एक-दोन घरं उघडून खात्री करा. मग चिमट्याने झाकण सोलून कोष डोक्याकडून अलगद बाहेर ओढा. पांढऱ्या शरीरावर तपकिरी माइट लगेच उठून दिसतो. त्याची पिलं फिकट, पांढुरकी असतात आणि भिंगाशिवाय दिसत नाहीत. कोष काढल्यावर रिकाम्या घरातही डोकवा. आतल्या भिंतीवर चुन्याचा ठिपका लागल्यासारखा पांढरा डाग दिसला तर ती माइटची विष्ठा. आई निसटली तरी ती खूण मागे राहते.

एका वेळी पन्नास घरं पुरेत, छोट्या वसाहतीत तीसही चालतील. नोंद अशी करा: "५० उघडली, ६ मध्ये माइट." किती माइट दिसले यापेक्षा किती घरांत दिसले हे जास्त बोलकं असतं. त्याच चौकटीवर कामकरीची दहा-वीस बंद घरंही उघडा. सातेरीत तिथे माइटची पैदास दिसायला नको. एखादा भटका दिसला तर चालेल, पण घरामागून घर पिलांसकट भरलेलं निघालं तर गोष्ट गंभीर आहे. मग एकट्याने निर्णय न घेता पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था किंवा महाबळेश्वरचं मध संचालनालय यांच्याशी बोला.

काढलेले कोष परसात टाकू नका. वेडे राघू आणि मुंग्या यांना पेटीचा पत्ता आयता कशाला द्यायचा? पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा, मग ओल्या कचऱ्यात.

पिठीसाखरेची बरणी: मेलीफेरासाठी

सातेरीच्या भरभक्कम वसाहतीतही ही पद्धत जमते, पण तिथे शंभराला किती हा आकडा कशाशी ताडून बघायचा हाच प्रश्न राहतो. मेलीफेरासाठी मात्र ही घरच्या घरी होणारी, माश्या न मारणारी आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह तपासणी आहे.

बरणीच्या झाकणाचा मधला भाग कापून तिथे जाळी बसवा. पिलावा असलेल्या चौकटीवरच्या माश्या घ्यायच्या, मधाच्या चौकटीवरच्या नाहीत. राणी त्या चौकटीवर नाही याची खात्री झाल्याशिवाय माश्या झाडू नका. दोनदा बघा. चौकट ट्रेवर झटकून अर्धा कप माश्या बरणीत ओता. मेलीफेराच्या अर्ध्या कपात साधारण ३०० माश्या बसतात. सातेरी लहान, म्हणून त्याच मापात जास्त माश्या येतात. तिची तपासणी कराल तर एकदा फोटो काढून मोजून ठेवा.

जाळीतून दोन मोठे चमचे कोरडी पिठीसाखर टाका. बरणी आडवी धरून मिनिटभर हळूहळू लोळवा, आपटू नका. दोन मिनिटं सावलीत ठेवा. साखरेने माइटची पकड सुटते. आता बरणी उलटी करून पांढऱ्या ट्रेवर दोन मिनिटं जोरात हलवा. साखर आणि माइट खाली, माश्या आत. ट्रेवर पाणी फवारलं की साखर विरघळते आणि तपकिरी ठिपके उरतात, काहींचे पाय अजून हलत असतात. मोजा. माश्या पेटीच्या दारापुढे सोडा. चिडलेल्या असतात, पण बाकीच्या माश्या त्यांना चाटूनपुसून घेतात.

३०० माश्यांमागे ६ माइट म्हणजे शंभराला २. मेलीफेरात शंभराला दोन ते तीनच्या पुढे गेलं की उपायाचा विचार करायचा, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण पेटीत भरपूर पिलावा असेल तेव्हा निम्म्याहून जास्त वरोआ झाकणाखाली असतात, ते या बरणीत येत नाहीत. तेव्हा ट्रेवरचा आकडा म्हणजे पेटीतला सगळा भार असं धरू नका.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत ही पद्धत ठाण्यात विसरा. हवेतल्या ओलीने साखरेचे गोळे होतात, माश्या चिकट होतात, माइट सुटत नाहीत, आणि आकडा खोटा कमी येतो. इतर महिन्यांतही साखर डब्यात घट्ट बंद ठेवा आणि सकाळचं दव उडून गेल्यावरच काम करा. चौकटीत नुकताच आणलेला पातळ मकरंद असेल तर झटकताना तो माश्यांवर सांडतो, त्यानेही तेच होतं.

साखरेऐवजी स्पिरिटने धुण्याची पद्धत जास्त अचूक आहे, पण त्यात ३०० माश्या मरतात. मेलीफेराच्या मोठ्या वसाहतीला ते परवडतं. सातेरीच्या पाच चौकटींच्या पेटीला परवडत नाही, आणि मी ती तिथे सुचवणार नाही.

ट्रोपिलेलॅप्ससाठी चौकट आपटणं

बंद पिलाव्याची चौकट घ्या, माश्या हळूच झाडून टाका. झाडण्याआधी राणी बघायची, हे पुन्हा सांगायला हवंच. पांढऱ्या ट्रेवर चौकटीची एक कड धरून दोन-चार वेळा टणकन आपटा, मग चौकट उलटवून तसंच करा. ट्रेवर बारीक, लांबट, भराभर पळणारे जीव दिसले तर ते ट्रोपिलेलॅप्स. पाच सेकंदांत कडेपर्यंत पोचतात, म्हणून ट्रेच्या काठाला व्हॅसलीन लावून ठेवा. नवी, पांढरी पोळी आपटताना तुटतात, त्यांच्यावर हा प्रयोग नको. खात्रीसाठी कामकरीची शंभर बंद घरंही उघडून बघा.

डोळ्यांना दिसणारी लक्षणं

चुरगळलेल्या पंखांच्या माश्या दारापुढे रांगताना दिसणं, पिलावा विरळ आणि ठिगळाठिगळाचा, बंद झाकणांना कुरतडलेली भोकं. ही लक्षणं दिसेपर्यंत माइट बरेच वाढलेले असतात, त्यामुळे ती मोजणीची जागा घेऊ शकत नाहीत.

शिवाय प्रत्येक खराब पिलावा माइटचा नसतो. सातेरीत झाकण उघडं पडलेली अळी डोकं वर करून पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी पडलेली दिसली तर तो थाई सॅकब्रूड हा विषाणूचा रोग. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला याच रोगाने दक्षिण भारतातली सातेरी मोठ्या प्रमाणावर संपवली. त्यावर माइटचं औषध करून काही साधत नाही. पोळ्यात जाळी विणलेली आणि बोगदे दिसले तर तो मेणकिडा, वसाहत अशक्त झाल्याची खूण.

केव्हा मोजायचं

आपल्याकडे युरोपासारखा हिवाळा नाही. इथली अडचण पावसाळा. जून ते सप्टेंबर मकरंद कमी, राणी अंडी कमी घालते, पेटी उघडायची सोय नाही. या काळात महिन्यातून एकदा पाटी, बस. पाटी काढताना तळपाटावरचा चुराही खरवडून टाका, मेणकिड्याची सोय कमी होते.

ऑक्टोबरच्या उन्हात पहिली पूर्ण तपासणी करा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत वसाहत फुगते, नरांची घरं होतात, तेव्हा महिन्याला एकदा नरांचा पिलावा किंवा मेलीफेरा असेल तर साखरेची बरणी. सावर, शेवगा, मग जांभूळ आणि करंज फुलतात त्या मार्च-मेच्या मधाच्या दिवसांत पेटीला कमीत कमी हात लावा. मध काढून झाल्यावर, पाऊस लागायच्या आत, एक तपासणी नक्की. पावसाळ्यात वसाहत किती तग धरेल याचा अंदाज तिथे येतो.

वहीत तारीख, पद्धत, किती माश्या किंवा घरं तपासली, किती माइट, पिलाव्याच्या चौकटी किती आणि हवा कशी होती एवढं लिहा. एका महिन्याची पाटी आणि दुसऱ्या महिन्याची बरणी यांची तुलना होत नाही. पद्धत बदललीत तर नव्या आकड्यांची मालिका नव्याने सुरू होते.

आकडा वाढला तर

सातेरीत पहिला उपाय म्हणजे वसाहत धडधाकट ठेवणं: जुनी काळी पोळी काढणं, मुंग्या आणि गांधीलमाश्या रोखणं, टंचाईत साखरपाणी देणं. मेलीफेरात नरांच्या बंद पिलाव्याची चौकट नर बाहेर पडण्याआधी कापून काढली तर बराच वरोआ त्यासोबत जातो. चोविसावा दिवस उलटू दिलात तर उलट माइटचीच पैदास वाढवाल. ट्रोपिलेलॅप्सवर राणीला काही आठवडे कोंडून पिलाव्यात खंड पाडणं परिणामकारक ठरतं, कारण पिलाव्याशिवाय तो तगत नाही.

फॉर्मिक आम्लाची वाफ झाकणाखालच्या वरोआपर्यंत पोचते, ऑक्झॅलिक आम्ल फक्त माश्यांवरच्या माइटवर चालतं. दोन्ही हातमोजे, चष्मा आणि प्रशिक्षणाशिवाय हाताळू नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात फॉर्मिक वापरलं तर राणी मरू शकते. मधकोठी (मधाच्या चौकटींचा वरचा कप्पा) पेटीवर असताना यांपैकी काही वापरू नका, आणि शेतीसाठीचं कोळीनाशक तर पेटीत कधीच नाही. ते मेणात मुरतं आणि मधात उतरतं.

बाहेरून पेटी आणताना

विकत आणलेली वसाहत, सोसायटीतून पकडून दिलेला थवा किंवा मित्राने दिलेली पिलाव्याची चौकट, यातूनच माइट एका परसातून दुसऱ्यात जातात. शक्य असेल तर नवी पेटी पहिले तीन आठवडे जुन्यांपासून लांब, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पाटी घाला, माश्या रुळल्या की नरांची घरं तपासा. मेलीफेरा असेल तर चौकट आपटून बघा. विकणारा "आमच्याकडे माइट नाहीत" म्हणाला तर त्याच्याकडे शेवटच्या मोजणीची तारीख, पद्धत आणि आकडा मागा.